ना हरकत

आमच्या जुन्या घराला परवानगी नव्हती. ते बेकायदा होतं असं नाही. ते बांधलं तेव्हा आमच्याकडे कुणी कागद मागितला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि कौलं. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात अशी घरं गल्लोगल्ली होती, अजूनही थोडी आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि काही दिवस हललं नाही. मातीची भिंत पाणी पिते. पाणी उतरल्यावर ती उभी दिसते, पण आतून गेलेली असते. त्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली. पुढचं वर्ष लॉकडाऊनमध्ये गेलं. २०२१ च्या सुरुवातीला अब्बांनी होकार दिला, जुनं उतरवून नवं बांधू.

इंजिनियर घरी आला, टेप धरून मापं घेतली आणि म्हणाला, "आधीचा बांधकाम परवाना असेल तर द्या." मी अब्बांकडे पाहिलं. अब्बा आमच्याशी दखनीत बोलतात. म्हणाले, "कायका परवाना? दादा किसकू पूछते? बाजूवाले तात्याकू पूछे, बस."

दादा म्हणजे माझे आजोबा. बाजूवाले तात्या म्हणजे शेजारच्या घरचे तेव्हाचे कर्ते. त्या 'बस'मध्ये काय काय सामावलं होतं ते मला पुढच्या वर्षभरात कळलं. या लेखाचं निमित्त तेच आहे. घर बांधायला परवानगी कुणाची घ्यायची, या प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या काळांनी वेगवेगळं दिलेलं आहे. त्यातली काही उत्तरं फाइलच्या चकरा मारता मारता वाचली, ती इथे मांडतो.

सुरुवात फाइलपासूनच करू. पहिल्या दिवशी कार्यालयात जी यादी हाती पडली तिच्यातले शब्द पाहा. अर्ज, नकाशा, नक्कल, दाखला, हद्द, वारस, इमारत, परवानगी, मंजुरी, ना हरकत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. तरीही साडेतीनशे वर्षं हे शब्द बांधकाम आणि महसूल खात्याच्या कपाटांतून हलले नाहीत. मराठी माणसाला ते परके वाटत नाहीत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मदरशात थोडी अरबी शिकलेल्या माणसाला ही यादी वाचताना हसू येतं.

'हरकत' म्हणजे अरबीत हालचाल. त्या हिशेबाने 'ना हरकत' म्हणजे 'हालचाल नाही'. आमच्या फाइलचं याहून अचूक वर्णन कुणी करणार नाही. 'तक्रार' म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. तीही आम्ही केली. 'इमारत' ज्या धातूपासून आली त्याच धातूपासून 'उमर' आली. वस्ती करणं, आबाद होणं, आयुष्य काढणं असा त्याचा परिवार आहे. आणि 'मंजूर' म्हणजे 'पाहिलेलं'. नजर आणि मंजूर ही एकाच घरची भावंडं. मंजुरी देणाऱ्याने निदान पाहावं, एवढी अपेक्षा त्या शब्दातच आहे. कुणी तरी जागेवर येऊन नजर टाकली आहे, म्हणून हे काम मंजूर. आमच्या फाइलवर मंजुरी पडली तोवर जागेवर किती जण आले, ते पुढे सांगतो.

घर बांधायची परवानगी मागितल्याची एक जुनी हकिकत इतिहासकार तबरीने नोंदवली आहे. हिजरी सन १७, म्हणजे इसवी सन ६३८ च्या सुमाराची गोष्ट. इराकमध्ये कूफा हे नवं शहर वसत होतं. सुरुवातीची घरं बोरूची, म्हणजे झोपड्याच. आग लागली आणि त्या भराभर जळून गेल्या. तेव्हा तिथले सेनापती साद बिन अबी वक्कास यांनी मदीनेला माणसं पाठवली आणि खलिफा हजरत उमर यांच्याकडे कच्च्या विटांची घरं बांधायची परवानगी मागितली. उमर यांनी ती दिली, पण अट घातली. कुणीही तीनपेक्षा जास्त खोल्या बांधायच्या नाहीत आणि उंचीत एकमेकांशी चढाओढ करायची नाही. रस्त्यांची मापंही ठरवून दिली होती. मोठे रस्ते चाळीस हात, त्याखालचे तीस, मग वीस आणि गल्ली सात हात.

आजचं कोणतंही परवानगीपत्र घ्या. बांधकामाचं साहित्य, क्षेत्रफळाची मर्यादा, उंचीची मर्यादा, समोरच्या रस्त्याची रुंदी. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या उत्तरात हे सगळं आहे. फरक असलाच तर हेतूचा. उमर यांना भीती इमारत पडण्याची नव्हती, माणसं एकमेकांवर चढण्याची होती.

ही नजर पुढे इस्लामी शहरांच्या कायद्यात मुरली. त्या कायद्याचं मूळ सूत्र एका हदीसमध्ये आहे. त्याचा आशय असा, की नुकसान करायचं नाही आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करायचं नाही. आपल्या जागेत माणूस काहीही बांधू शकतो, मात्र शेजाऱ्याला अपाय होता कामा नये. आधी कुणा अधिकाऱ्याची सही आणायची नसे. वाद झाला तर काझीकडे जायचं आणि काझी जागेवर पाहायला जाणकार गवंडी पाठवायचा. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्न अल-रामी नावाचा असाच एक गवंडी होता. काझीच्या सांगण्यावरून तो वादाच्या जागा पाहत हिंडला आणि त्या अनुभवावर त्याने बांधकामाच्या नियमांचं एक पुस्तकच लिहिलं. सामाईक भिंत, शेजारच्या अंगणात डोकावणारी खिडकी, गल्लीत सोडलेलं सांडपाणी, भट्टीचा धूर. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची ट्युनिसमधली भांडणं आणि आमच्या गल्लीतली भांडणं यांत मला तरी फरक दिसला नाही.

आणखी एक हदीस आहे. हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेली, बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आलेली. तिचा आशय असा, की शेजाऱ्याला तुमच्या भिंतीत लाकूड बसवायचं असेल तर त्याला अडवू नका. पुढे फकीहांमध्ये यावर मतभेद झाले. काहींनी हे बंधनकारक मानलं, काहींनी चांगल्या शेजारधर्माचा उपदेश मानला. मी ही हदीस लहानपणी ऐकली होती आणि विसरलो होतो. ती आठवायला आमची भिंत मोडावी लागली.

हे फक्त मुसलमानांच्या शहरांत होतं असा कुणाचा समज होऊ नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात वास्तूचे वाद आहेत. घर, शेत, बाग, बांध, तळं या सगळ्यांना तो वास्तू म्हणतो आणि पहिलीच गोष्ट अशी सांगतो, की या वादांचा निर्णय शेजाऱ्यांच्या सांगण्यावर अवलंबून राहील. मग दोन घरांमधलं अंतर, मोरीचं पाणी, उजेडासाठी खिडकी किती वर असावी, हे सारं येतं. नियम मोडणाऱ्याला दंड आहे. पण शेजारी शेजारी आपसांत ठरवून अनिष्ट टाळणार असतील तर त्याचीही वाट मोकळी आहे. पाटलीपुत्र, कूफा, ट्युनिस ही एकमेकांपासून किती दूरची शहरं! घर बांधताना पहिला हक्क शेजाऱ्याचा, यावर मात्र तिन्हींचं एकमत.

आपल्या मुलखातही तेच होतं. गावाच्या जमिनीचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. पांढरीतल्या जागेवरून किंवा वतनावरून वाद झाला की गोत बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूचे मिरासदार जमत. निवाडा लिहिला जाई आणि खाली ज्याला जशी येईल तशी निशाणी. कुणब्याचा नांगर, बलुतेदाराचं आपापलं हत्यार. कित्येकदा वर काझीचा शिक्काही असे. या कागदाला 'महजर' म्हणत. शब्द अरबी आहे आणि त्याच्या मुळाशी 'हजर' आहे. म्हणजे इतक्या लोकांच्या हजेरीत हे झालं. मंजूर म्हणजे पाहिलेलं, महजर म्हणजे हजर असलेल्यांचं.

शहरात कोतवाल असे. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत कोतवालाची कामं दिली आहेत. त्यात घरांची आणि रस्त्यांची नोंदवही ठेवणं आहे आणि राहणाऱ्यांकडून एकमेकांना मदत करण्याची हमी घेणंही आहे. सरकारचा हात आला, पण शेजारी जागेवर होता.

या चित्राला दुसरी बाजूही आहे, ती लपवणं बरोबर नाही. जुन्या काळी परवानगी म्हणजे पायरी ओळखण्याचाही प्रकार होता. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीत झाली आणि दोन वर्षांत वाडा उभा राहिला. त्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. बाजीरावांना तो पूर्ण दगडात हवा होता, पण दगडी वाडा छत्रपतींनीच बांधावा अशी हरकत निघाली, म्हणून जोत्याच्या वर विटा आल्या. गोष्ट खरी असो वा नसो, लोकांनी ती तीनशे वर्षं सांगितली. कोण कशाचं घर बांधू शकतो हे त्याच्या दर्जावर ठरतं, हे त्यांना ओळखीचं होतं. पेशव्यांची ही कथा, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय! पांढरीत घर बांधायला त्याला कुणी 'ना हरकत' दिलीच नसती. शेजाऱ्याचा हक्क हे चांगलं तत्त्व आहे, पण ते फक्त शेजार मिळालेल्यांच्या कामाचं आहे.

आज आपण ज्याला बांधकाम परवानगी म्हणतो तिचा उगम महाराष्ट्रापुरता बघायचा तर मुंबईत जावं लागतं. १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम ३३७ मध्ये घर बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांना आपल्या इराद्याची सूचना द्यायची आहे. लक्षात घ्या, अर्ज नाही, सूचना. आयुक्तांना काही खटकलं तर त्यांनी नापसंती कळवायची. तीस दिवसांत नापसंती कळवली नाही, तर कायदे-नियम सांभाळून काम सुरू करायला मोकळीक. त्यामुळे मुंबईत एक गंमत झाली. घर बांधणारे ज्या कागदाची चातकासारखी वाट बघतात, त्याचं नाव 'नापसंतीची सूचना' असं आहे. आयओडी म्हणतात तो हाच. अमुक अटी पुऱ्या करेपर्यंत नापसंत, असं लिहिलेला कागद हातात आला की लोक पेढे वाटतात.

त्यानंतर आठच वर्षांनी प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी तो ओळखला. रोग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. दोष घरांवर आला. अंधारी, कोंदट, एकमेकींना चिकटलेली घरं हेच रोगाचं मूळ, असं सरकारचं मत झालं. घरांवर इंग्रजी अक्षरं रंगवली जाऊ लागली, यू एच एच. माणसाच्या राहण्यास अयोग्य, असा त्याचा अर्थ. १८९७ चा साथरोग कायदा आला, घरात घुसून झडत्या सुरू झाल्या. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली ती त्याच वर्षीच्या २२ जूनला. मुंबईत ९ मार्च १८९८ ला मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं आणि त्यातून दंगल पेटली. त्याच वर्षी मुंबई सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि आजचा मोहम्मद अली रोड हे ट्रस्टच्या योजनांतले रस्ते. दादर-माटुंग्याची आखीव वस्तीही त्याचीच.

ट्रस्टच्या लोकांनी प्रकाशाचा एक नियम मांडला, साडेत्रेसष्ट अंशांचा. सोप्या शब्दांत, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतून आभाळ दिसेल. आपण ज्याला सामासिक अंतर म्हणतो आणि जे सोडताना जीव तुटतो, त्याच्या मागे हा हिशेब आहे. मला तो पटतो. तळमजल्यावरच्या भाडेकरूला आभाळ दिसावं, अशी काळजी कुठल्याही जुन्या गोतसभेने केली नव्हती. प्रश्न वेगळाच होता. ट्रस्टने घरं पाडली त्या वेगाने नवी बांधली नाहीत. उठवलेले लोक शेजारच्या चाळींत जाऊन कोंबले गेले आणि गर्दी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली. १९१४ च्या सुमारास पॅट्रिक गेडीस हिंदुस्थानात आले आणि शहरामागून शहर पायी हिंडून सांगू लागले, की सरसकट पाडू नका, थोडं थोडं दुरुस्त करा, राहणाऱ्यांना विचारा. पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापकही झाले. त्यांचं ऐकणारे मात्र थोडे निघाले.

प्लेगच्या त्या वर्षांत एक गोष्ट कायमची बदलली. घर चांगलं की वाईट हे शेजाऱ्याने सांगायचं होतं, ते आता निरीक्षक सांगू लागला. १९१५ चा नगररचना कायदा, १९५४ चा नगररचना कायदा आणि शेवटी १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायदा, या पायऱ्यांनी सूचनेची परवानगी झाली. या शेवटच्या कायद्याने विकास आराखड्याच्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. साठ दिवसांत उत्तर आलं नाही आणि नकाशा नियमांत बसत असेल तर परवानगी मिळाली असं मानायचं. शेतजमिनीवर घर बांधायचं तर त्याच वर्षीच्या जमीन महसूल संहितेप्रमाणे बिनशेतीचाही प्रश्न येतो.

कायदा सर्वांना सारखा होता, पण कागद सर्वांकडे सारखे नव्हते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे लहान तुकडे विकायला मनाई केली. शहरात मजुरीला आलेल्या माणसाला परवडायची ती एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट जागा. तिचं खरेदीखत होईना. मग स्टँप पेपरवर व्यवहार झाले. औरंगाबादपासून सांगलीपर्यंत शहरांच्या कडेला अशा वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांत मुसलमान आहेत, दलित आहेत, दुष्काळी भागातून आलेले सगळ्या जातींचे लोक आहेत. पैसे मोजून घेतलेली जागा, घामाचं घर आणि कागदावर शून्य. २००१ मध्ये सरकारने गुंठेवारी कायदा करून ती घरं नियमित करायची वाट काढली, २०२१ मध्ये मुदत वाढवली. तरी ज्याच्याकडे शुल्काचे पैसे नाहीत तो राहिलाच.

आता आमची फाइल.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि थोडी क्षेत्रं सोडून बाकी राज्याला एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली. इंजिनियर खुशीत होता. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर लहान घर असेल तर परवानाधारक इंजिनियरच्या सहीचे नकाशे द्यायचे, शुल्क भरायचं, आणि पावती हीच परवानगी. म्हणजे १८८८ ची सूचना फिरून आली होती. आमची जागा ब्याण्णव चौरस मीटर. पण मिळकत पत्रिकेवर दादांचं आणि त्यांच्या भावाचं नाव होतं. दोघेही अल्लाहला प्यारे होऊन वर्षं झालेली. वारस नोंद हवी. चुलत घराण्यातली माणसं कोल्हापुरात, भिवंडीत आणि एक दुबईत. संमतीपत्रं जमेपर्यंत चार महिने गेले. मग मोजणी. मग पूररेषेचा प्रश्न, कारण आमची गल्ली निळ्या आणि लाल पूररेषांच्या मध्ये येते आणि तिथे जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. इंजिनियरने आशा सोडून साधी वाट धरली. जुलै २०२१ मध्ये फाइल टेबलावर असतानाच कृष्णा पुन्हा चढली. आम्ही अब्बा-अम्मींना बहिणीकडे हलवलं आणि तिसऱ्या पायरीवर पाणी येऊन थांबलं. त्या रात्री मी मनात परवानगीच्या कायद्याला बऱ्याच शिव्या दिल्या. मात्र लाल रेषेचा नियम बरोबर आहे, हेही मला त्याच पायरीवर उभं राहून कळलं.

फाइल अकरा महिने चालली. या अकरा महिन्यांत निरनिराळ्या खात्यांचे ना हरकत दाखले मागितले गेले. एकच विचारायचा राहिला, आणि तो कुणाच्या यादीत नव्हता.

आमच्या पश्चिमेच्या भिंतीत काकूंच्या घराच्या मधल्या तुळईचं टोक आहे. काकू म्हणजे तात्यांच्या सूनबाई, आता सत्तरीच्या पुढे, घरी एकट्या. मुलगा पिंपरीला. जुनी भिंत उतरवली की तुळईचं टोक अधांतरी राहणार आणि त्यांचं छप्पर बसणार. नव्या नकाशात आमची भिंत आमच्या हद्दीत आत सरकलेली. पश्चिमेला नुसतं लिहिलेलं, 'लगतची मिळकत'. त्या दोन शब्दांखाली एक म्हातारी झोपते हे नकाशाला माहीत नव्हतं. शिवाय आमचं जोतं उंचावलं की पावसाचं पाणी त्यांच्या दाराकडे वळणार, तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. जागेवर पाहायला अकरा महिन्यांत एक माणूस आला. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्याने मोबाइलवर दोन फोटो काढले.

मंजुरी आली त्या संध्याकाळी अब्बा म्हणाले, "अब चल, बाजू में." मला वाटलं पेढे द्यायला. अब्बांनी पेढे दिले आणि बसल्या बसल्या मराठीत विचारलं, "वहिनी, आमची भिंत पाडायचीय. तुमची तुळई आहे तिच्यात. काय करू सांगा."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाई, कोर्टाकचेरीची परवानगी आली म्हणता, मग मला कशाला विचारता?"

"दादांनी तात्यांना विचारलं होतं. तुळई ठेवायला तात्यांनी दादांना विचारलं होतं. तुम्हाला नाही विचारलं तर मी वर जाऊन काय सांगू?"

मग काकूंनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्यांचं घर आमच्यानंतरचं. तात्यांकडे चौथ्या भिंतीला पैसे नव्हते. दादा म्हणाले होते, माझी भिंत आहेच की, टेकव तुळई. कागद नाही, भाडं नाही. मला एकदम ती विसरलेली हदीस आठवली. दादांनी ती वाचली होती की नाही कोण जाणे. ते फार शिकलेले नव्हते.

असं ठरलं, की आधी काकूंच्या हद्दीत तुळईखाली खांब उभा करायचा, तोवर टेकू द्यायचे, आणि मगच आमच्या भिंतीला हात लावायचा. मधून पाण्याची मोरी काढून ती थेट गल्लीच्या गटारीला न्यायची. खर्च आमचा. काकूंनी मान हलवली. "खांबाचं सिमेंट माझं," म्हणाल्या, "नाही तर मला त्या खांबाखाली झोप लागायची नाही." मी हे साध्या कागदावर लिहिलं. अब्बांनी सही केली, काकूंनी केली, समोरचे दोघे शेजारी साक्षीला. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी कार्यालयात गेलो. टेबलावरच्या साहेबांनी चांगुलपणानेच परत दिला. "फाइलला याचा रकाना नाही हो," म्हणाले.

मला हा रकाना नसण्याचा त्रास दोन्हीकडून होतो. त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ पुण्यात भाड्याने फ्लॅट बघत होता. तीन ठिकाणी जागा पसंत पडली, पगार विचारून झाला आणि नाव सांगितल्यावर एजंटाचा फोन बंद झाला. अशा नकाराचाही रकाना नाही. तरी तो चालतो. शेजाऱ्याला विचारण्याची रीत फाइलमधून गेली, पण शेजारी नाकारण्याची रीत मागच्या दाराने राहिली. म्हणून जुनी गावकीची पद्धत परत आणा असं मी म्हणणार नाही. गोत कोण, हे ठरवणाऱ्यांवर मग सगळं अवलंबून राहतं. कागद हवाच. आमच्यासारख्यांना तर जास्तच हवा.

गेल्या काही वर्षांत घरांवर बुलडोझर चालले तेव्हा प्रत्येक वेळी कारण एकच सांगितलं गेलं, परवानगी नव्हती. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही, आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, म्हणणं ऐकावं लागेल, आणि नियम मोडणारा अधिकारी स्वतः जबाबदार राहील. निकालाने दिलासा दिला. पण मला दादांचं घर आठवत राहिलं. ज्या देशात लाखो घरं 'बाजूवाले तात्याकू पूछे, बस' एवढ्यावर उभी राहिली, तिथे परवानगी नसणं हा गुन्हा कमी आणि जन्मतारीख जास्त असते. कुणाच्या घराची जन्मतारीख बघायची आणि कुणाची नाही, हे ठरवणारी नजर सारखी असेल तर कायदा सारखा.

घर उभं राहिलं. जोतं लाल रेषेच्या वर आहे. काकूंचा खांब त्यांच्या माजघरात भिंतीला लागून आहे, त्यावर त्यांनी कॅलेंडर टांगलं आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी अब्बांनी जुन्या लोखंडी ट्रंकेत सगळे कागद नीट लावून ठेवले. मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मंजूर नकाशे, शुल्काच्या पावत्या. सगळ्यांत वर तो साधा कागद, रकाना नसलेला.

तुम्ही घर बांधायला काढणार असाल तर माझं एवढंच सांगणं आहे. वारस नोंद आजच करून घ्या, माणसं जिवंत आणि जवळ आहेत तोवर. मोजणी करून घ्या, प्रत्येक पावती जपून ठेवा, परवानगी आल्याशिवाय एक वीटही रचू नका. आणि इंजिनियरला नकाशा काढायला सांगण्याआधी शेजारच्या घरी एक चहा पिऊन या. नकाशात 'लगतची मिळकत' एवढंच येणार आहे.